वाक्यदुरुस्ती: शेवटी दोन पर्याय उरतात आणि नेमका चुकीचाच निवडला जातो

इंग्रजीच्या परीक्षांत वाक्यदुरुस्तीचा प्रश्न असतो, म्हणजे दिलेल्या पर्यायांतून शुद्ध वाक्य निवडायचं. तो सोडवणाऱ्या जवळजवळ सगळ्यांची तक्रार एकच असते. व्याकरणाचे नियम वाचून झालेत, सराव भरपूर झालाय, सोपे प्रश्न पटापट सुटतात. जरा अवघड प्रश्न आला की मात्र बाकीचे पर्याय उडवून दोन उरतात, त्या दोघांवर डोकं खाजवत बसावं लागतं आणि शेवटी ज्यावर टिक करावी तोच चुकीचा निघतो. उत्तर बघितलं की "अरे, हे तर येत होतं" असं वाटतं. पुढच्या सरावपरीक्षेत पुन्हा तेच. मग माणूस व्याकरणाचं आणखी एक पुस्तक उघडतो, आणि गुण आहेत तिथेच राहतात.

माझ्या मते हा त्रास नियम कमी पडल्यामुळे फार क्वचित होतो. दोन पर्याय उरेपर्यंत आपण नियमांनी काम करतो. दोन उरले की नकळत वाक्य मनातल्या मनात वाचून बघतो आणि जे कानाला बरं वाटतं ते उचलतो. प्रश्न काढणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. अवघड प्रश्नातला सगळ्यात फसवा पर्याय कानाला गोड लागेल असाच लिहिलेला असतो आणि बरोबर पर्याय थोडा अवघडलेला वाटतो.

आधी परीक्षेबद्दल थोडं, कारण जुनी माहिती अजून फिरत असते. पाच पर्यायांचा वाक्यदुरुस्तीचा प्रश्न ही जीमॅटची, म्हणजे एमबीएसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षेची, खास ओळख होती. नव्या जीमॅटमध्ये तो नाही. जुनी परीक्षा ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाली आणि आताच्या भाषा विभागात फक्त उताऱ्यावरचे आणि तर्कावरचे प्रश्न येतात. फक्त जीमॅट द्यायची असेल तर यावर वेळ घालवू नका. सॅट आणि एसीटी या अमेरिकी कॉलेजांच्या प्रवेशपरीक्षा देणाऱ्यांची मात्र यातून सुटका नाही. डिजिटल सॅटच्या वाचन-लेखन विभागातल्या ५४ प्रश्नांपैकी साधारण पाव हिस्सा प्रमाण इंग्रजीच्या नियमांवर असतो. एसीटीचा इंग्रजी विभाग तर बराचसा याच कामाचा, आणि तिथे "नो चेंज" म्हणजे "आहे तेच ठीक" हाही एक पर्याय असतो. जीमॅटचे जुने प्रश्न सरावाला उत्तमच आहेत. फक्त विरामचिन्हांवर त्यांचा भर कमी होता आणि सॅटचा खूप आहे, एवढं लक्षात ठेवा.

आधी निदान करा

चुकलेले प्रश्न दोन ढिगांत वेगळे काढा. पहिल्या ढिगात बरोबर पर्याय तुम्ही सुरुवातीलाच उडवून टाकलेला असतो. दुसऱ्यात तो शेवटच्या दोघांत होता, पण निवडला गेला नाही. हे नंतर आठवत नाही, म्हणून सोडवतानाच कच्च्या कागदावर पर्याय ज्या क्रमाने खोडले त्याची खूण करत चला.

दोन्ही ढिगांचं औषध वेगळं आहे. बरोबर पर्याय लवकर उडत असेल तर डोक्यात एखादा खोटा नियम बसलेला आहे. शेवटच्या दोघांत घसरत असाल तर नियम ठीक आहेत, निर्णयाची पद्धत बिघडलेली आहे. आणि वेळ न लावता सोडवल्यावर चुका झपाट्याने कमी होत असतील तर प्रश्न गतीचा आहे. त्यावर शेवटी बोलू.

दोन बोटांची अट

शेवटच्या दोघांसाठी मी एकच अट सांगतो: पर्याय खोडायचा तर त्यातल्या दोन शब्दांवर दोन बोटं ठेवून दोष दाखवता आला पाहिजे. दोन यासाठी, की वाक्यातला दोष हा बहुतेक वेळा दोन शब्दांच्या नात्यातला असतो. कर्ता आणि क्रियापद, सर्वनाम आणि ते ज्या नामासाठी आलंय ते नाम, विशेषण-वाक्यांश आणि तो ज्याला चिकटलाय तो शब्द, तुलनेच्या दोन बाजू, यादीतले दोन घटक. "विचित्र वाटतं", "लांबलचक आहे", "असं कोणी बोलत नाही" हे दोष नव्हेत. अशा कारणासाठी खोडलेला पर्याय परत घ्यायचा.

एक प्रश्न शेवटपर्यंत सोडवून बघू. वाक्य असं आहे: "लाइक मेनी अदर बर्ड्स, दि आर्क्टिक टर्न'स मायग्रेशन इज टाइम्ड टू द सीझन्स, विच अलाउज इट टू सी टू समर्स अ यिअर." आर्क्टिक टर्न हा पक्षी उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे जाऊन परत येतो आणि वर्षात दोन उन्हाळे बघतो, हा मूळ आशय. पर्याय अ म्हणजे हे वाक्य जसंच्या तसं.

पर्याय ब: "लाइक मेनी अदर बर्ड्स, द मायग्रेशन ऑफ दि आर्क्टिक टर्न इज टाइम्ड टू द सीझन्स, अँड सो इट सीज टू समर्स अ यिअर."

पर्याय क: "लाइक मेनी अदर बर्ड्स, दि आर्क्टिक टर्न टाइम्स इट्स मायग्रेशन टू द सीझन्स, विच अलाउज इट टू सी टू समर्स अ यिअर."

पर्याय ड: "लाइक मेनी अदर बर्ड्स, दि आर्क्टिक टर्न टाइम्स इट्स मायग्रेशन टू द सीझन्स अँड सो सीज टू समर्स अ यिअर."

पर्याय इ: "ॲज विथ मेनी अदर बर्ड्स, दि आर्क्टिक टर्न, टायमिंग इट्स मायग्रेशन टू द सीझन्स अँड सो सीइंग टू समर्स अ यिअर."

इ लगेच जातो. "टर्न" हा कर्ता, आणि त्याचं क्रियापद शोधायला गेलं तर सापडतच नाही, सगळीकडे "इंग" लावलेली रूपं आहेत. अ आणि ब मध्ये एक बोट "बर्ड्स"वर ठेवा, दुसरं "मायग्रेशन"वर. पक्ष्यांची तुलना स्थलांतराशी झाली. ब मध्ये तर स्थलांतरच दोन उन्हाळे बघतंय. दोन्ही गेले.

उरले क आणि ड. आता बहुतेक जण दोन्ही वाक्यं पहिल्यापासून पुन्हा वाचतात, आणि पाय इथेच घसरतो. क वाचायला गुळगुळीत आहे, कारण बोलताना लोक आधीच्या अख्ख्या घटनेला "विच" सर्रास जोडतात. ड चा शेवट त्यापुढे जरा तुटक वाटतो. म्हणून पुन्हा वाचूच नका. दोघांत जो भाग एकसारखा आहे तो हाताने झाका आणि फरक तेवढा बघा: एकीकडे "विच अलाउज इट टू सी", दुसरीकडे "अँड सो सीज". आता एक बोट "विच"च्या अगदी आधीच्या नामावर, म्हणजे "सीझन्स"वर, आणि दुसरं "अलाउज"वर. "सीझन्स" अनेकवचनी, "अलाउज" एकवचनी. जुळत नाही. "विच" अख्ख्या वाक्याबद्दल आहे म्हणावं, तर या परीक्षांच्या काटेकोर इंग्रजीत तसं चालत नाही, त्याला टेकायला एक नाम लागतं. ड मध्ये "टर्न" हा कर्ता आणि "टाइम्स" व "सीज" ही त्याची दोन क्रियापदं, दोन्ही एकवचनी. तिथे बोट ठेवायला जागाच नाही. उत्तर ड.

ड सुंदर वाटला म्हणून निवडलेला नाही, क मधला दोष दाखवता आला म्हणून निवडला. या प्रश्नप्रकारात बरोबर उत्तर सापडायची पद्धत हीच: बाकीचे सिद्ध करून खोडायचे आणि उरलं ते, आवडो न आवडो, स्वीकारायचं.

फरक खरा की दिखाऊ?

दोन पर्यायांत दोन-तीन फरक असले की कोणता धरायचा हा पुढचा घोळ. काही फरक नुसते लक्ष वेधायला ठेवलेले असतात. "दो" की "ऑल्दो", "बिकॉज" की "सिन्स", यांवर या परीक्षा सहसा निर्णय ठेवत नाहीत. तिथे ताटकळत बसलात की वेळ गेला. क्रियापदाचं वचन, क्रियापदाचा काळ, सर्वनाम, स्वल्पविरामानंतरचा पहिला शब्द आणि तुलनेचा शब्द या पाच जागी फरक दिसला तर आधी तिथे जा.

कर्ता-क्रियापदात फसवायची रीत ठरलेली आहे: दोघांमध्ये मजकूर कोंबायचा. "द क्वालिटी ऑफ द रिपोर्ट्स सेंट इन बाय द रीजनल टीम्स हॅव इम्प्रूव्हड." "हॅव"च्या शेजारी "टीम्स" बसलेलं असतं म्हणून कान फसतो. कर्ता "क्वालिटी", म्हणून "हॅज". "अलाँग विथ" आणि "ॲज वेल ॲज"ने जोडलेलं नाम कर्त्यात मोजायचं नाही, "अँड"ने जोडलेलं मोजायचं. "द नंबर ऑफ" एकवचनी, "अ नंबर ऑफ" अनेकवचनी. हे एवढं पाठच करा, इथे तर्क लढवण्यात अर्थ नाही.

तुलनेत एक नाम गाळून फसवतात. "द पॉप्युलेशन ऑफ टोकियो इज लार्जर दॅन लंडन" या वाक्यात लोकसंख्येची तुलना शहराशी होते, म्हणून "दॅन दॅट ऑफ लंडन" हवं. "हॅड" असलेला भूतकाळ दिसला तर एक बोट त्यावर ठेवा आणि दुसरं भूतकाळातल्या नंतरच्या घटनेवर. ती दुसरी घटना वाक्यात किंवा आसपास कुठेच नसेल तर "हॅड" संशयास्पद. "नॉट ओन्ली" दिसलं की त्याच्यापुढचं रूप आणि "बट ऑल्सो"च्या पुढचं रूप एकच हवं. एकीकडे "टू रिड्यूस" आणि दुसरीकडे "इम्प्रूव्हिंग" असं चालत नाही.

कधीकधी दोन्ही पर्याय व्याकरणाने शुद्ध असतात आणि फरक अर्थाचा असतो. जीमॅटचे अवघड प्रश्न बरेचदा असेच असायचे. "ओन्ली" कुठे बसलाय ते बघा: "ओन्ली द कमिटी अप्रूव्हड द फर्स्ट ड्राफ्ट" म्हणजे मान्यता फक्त समितीने दिली, आणि "द कमिटी अप्रूव्हड ओन्ली द फर्स्ट ड्राफ्ट" म्हणजे फक्त पहिल्या मसुद्याला दिली. इथे बोट ठेवायला व्याकरणाचा दोष मिळणार नाही. मग दोन्ही पर्यायांचा अर्थ साध्या मराठीत एकेका ओळीत सांगा, मनातल्या मनात चालेल. संदर्भाशी जुळतो आणि शहाण्या माणसाला म्हणायचा असेल तो अर्थ घ्या. मराठीत सांगण्याचा फायदा असा की इंग्रजी वाक्याची लय त्या वेळेपुरती बाजूला पडते आणि आशय तेवढा समोर राहतो.

बरोबर पर्याय लवकर उडत असेल तर

पहिल्या ढिगातल्या लोकांकडे बहुधा कुठून तरी उचललेले "शॉर्टकट" असतात. "बीइंग दिसलं की खोडा" हा त्यांतला सगळ्यात खर्चीक. "इन ॲडिशन टू बीइंग द लार्जेस्ट प्लॅनेट इन द सोलर सिस्टिम, ज्युपिटर स्पिन्स द फास्टेस्ट" हे वाक्य पूर्ण निर्दोष आहे. "टू" नंतर नामासारखं रूप लागतं आणि "बीइंग" ते काम चोख करतं. "बिकॉज"ने वाक्य सुरू करता येत नाही, हेही शाळेतलं खूळ. पुढे मुख्य वाक्य आलं की झालं. कर्मणी प्रयोग चूक नाही. "सगळ्यात छोटा पर्याय बरोबर" यात थोडं तथ्य आहे, पण तेवढंच: एसीटीमध्ये सगळे पर्याय एकच गोष्ट सांगत असतील आणि काहींत शब्दांची पुनरुक्ती असेल, तर छोटा घ्या. इतरत्र लांबीवरून काहीच ठरत नाही. आणि "नो चेंज" इतक्या वेळा कसा येईल म्हणून तो टाळणं ही निव्वळ अंधश्रद्धा आहे.

आपल्या मराठी वळणामुळे होणाऱ्या चुकाही याच ढिगात सापडतात. मराठीत "जरी" आलं की "तरी" येतंच, म्हणून "ऑल्दो द डेटा वॉज लिमिटेड, बट द कन्क्लुजन वॉज साउंड" आपल्याला खटकत नाही. इंग्रजीत दोन्ही अर्ध्या वाक्यांना जोडशब्द लागला तर मुख्य वाक्य उरतच नाही, म्हणून "बट" काढायचा. "तो २०१५ पासून शिकवतो" हे मराठीत साध्या वर्तमानकाळात छान बसतं, तिथे "टीचेस सिन्स" चुकीचं आणि "हॅज टॉट सिन्स" बरोबर. आपण एखाद्या विषयाबद्दल चर्चा करतो म्हणून "डिस्कस्ड अबाउट" बरं वाटतं, पण "डिस्कस"ला पुढे "अबाउट" लागत नाही. अशा जागांची यादी प्रत्येकाने स्वतःच्या चुकांमधून करावी, ती फार लांब होत नाही.

विरामचिन्हं: सॅटवाल्यांचं खरं दुखणं

सॅटमध्ये यातले बरेचसे प्रश्न दोन वाक्यांच्या सीमेवर असतात. इथे कान जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण "श्वास घ्यावासा वाटला तिथे स्वल्पविराम" ही सवय सरळ खड्ड्यात नेते. प्रश्नातल्या वाक्यात जी रिकामी जागा असते तिच्या डावीकडचा आणि उजवीकडचा तुकडा स्वतंत्रपणे वाचा आणि प्रत्येक तुकडा एकटा पूर्ण वाक्य म्हणून उभा राहतो का बघा. दोन्ही उभे राहत असतील तर नुसता स्वल्पविराम चालत नाही. पूर्णविराम, अर्धविराम किंवा स्वल्पविरामासोबत "अँड", "बट", "सो" यांसारखा जोडशब्द लागतो. अपूर्णविरामाच्या आधीचा तुकडा पूर्ण हवा, नंतरचा कसाही चालतो.

यातून एक युक्ती फुकट मिळते. दोन पर्यायांत शब्द तेच असून एकीकडे पूर्णविराम आणि दुसरीकडे अर्धविराम असेल, तर दोन्ही चिन्हं एकच काम करतात. बरोबर उत्तर एकच असतं, म्हणजे दोन्ही खोडा.

"हाउएव्हर" मात्र युक्तीने सुटत नाही. "द टीम टेस्टेड द सेन्सर ट्वाइस, हाउएव्हर, द रीडिंग्ज डिड नॉट मॅच" हे चूक, दोन पूर्ण वाक्यं स्वल्पविरामांनी चिकटवली आहेत. आता शेवटचे दोन पर्याय असे उरतात: अर्धविराम "हाउएव्हर"च्या आधी की नंतर? व्याकरणाने दोन्ही शुद्ध. ठरवायचं ते विरोध कुठे आहे यावरून. दोनदा तपासूनही आकडे जुळले नाहीत असा विरोध असेल तर अर्धविराम आधी. पण मागचं वाक्य "बहुतेक प्रयोगशाळा सेन्सर एकदाच तपासतात" असं असेल, तर विरोध त्या वाक्याशी आहे, "हाउएव्हर" पहिल्या तुकड्याच्या शेपटाला राहतो आणि अर्धविराम त्याच्यानंतर येतो. म्हणून या प्रश्नात रिकाम्या जागेचं वाक्य तेवढं वाचून भागत नाही. मागचं वाक्य वाचलंच पाहिजे. घाईत नेमकं तेच सुटतं.

चुकांची वही

बहुतेकांच्या वहीत "प्रश्न १४, सर्वनाम" अशा नोंदी असतात. त्यांचा काही उपयोग नाही, कारण सर्वनामाचा नियम तुम्हाला आधीही येत होता. नोंद दोन गोष्टींची करा: चुकीचा पर्याय का आवडला, आणि बोटं कुठे ठेवायला हवी होती. वरच्या प्रश्नाची नोंद अशी होईल: "विच बोलण्यातल्यासारखं अख्ख्या वाक्याला लावलं, ओघ चांगला वाटला. बोटं: सीझन्स, अलाउज." पानभर नोंदी झाल्या की आवडण्याची कारणं पुन्हा पुन्हा तीच दिसायला लागतात. तीच तुमची खरी समस्या, व्याकरणाचं प्रकरण नव्हे.

तोच प्रश्न काही दिवसांनी पुन्हा सोडवताना उत्तर आठवतंच. म्हणून उत्तर सांगू नका, प्रत्येक चुकीच्या पर्यायातला दोष सांगा. एका जरी पर्यायाचा सांगता आला नाही तरी तो प्रश्न अजून सुटलेला नाही असं धरा.

वेळ

सॅटच्या वाचन-लेखन विभागाचे दोन भाग असतात, प्रत्येकात २७ प्रश्नांना ३२ मिनिटं, म्हणजे एकाला ७१ सेकंद. एसीटीच्या २०२५ पासूनच्या नव्या रचनेत इंग्रजीच्या ५० प्रश्नांना ३५ मिनिटं, म्हणजे एकाला ४२. बोटं ठेवायची पद्धत सुरुवातीला यापेक्षा जास्त वेळ खाते. आधी घड्याळाशिवाय करा आणि दोष आपोआप दिसायला लागले की मग घड्याळ लावा. उलट क्रमाने केलं तर घाईत कानाचीच सवय पक्की होते.

सॅटमध्ये नियमांचे प्रश्न उताऱ्याच्या प्रश्नांनंतर येतात आणि एकेक प्रश्न कमी वेळात सुटतो. उताऱ्यांवर वेळ जातोय असं वाटलं तर सरळ इकडे उडी मारा, भाग संपेपर्यंत मागे जाता येतं. आणि परीक्षेत दोन पर्यायांवर अडलात, फरक बघितला, तरी बोट ठेवायला काही सापडलं नाही, तर एक निवडा, खूण करा आणि पुढे चला. सॅट आणि एसीटी दोन्हींत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. वेळ उरला आणि परत आलात, तर हातात नवा दोष सापडल्याशिवाय उत्तर बदलू नका.